‘झालं’ नको, ‘केलं’ म्हण

नाशिक,
रविवार, रात्र

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

आज उपासना सुटल्यावर तू मला फाटकापाशी गाठलंस. लोक चहाच्या टेबलाभोवती उभे होते, मध्येच कुणीतरी हात मिळवायला येत होतं, आणि तू खालच्या आवाजात भराभर सगळं सांगून टाकलंस. मी "बोलू आपण" एवढं म्हणून निघालो. तुला वाटलं असेल, काकांनी टाळलं. टाळलंच. मला तिथे उभं राहवेना. तू जे सांगत होतास ते मी वीस वर्षं स्वतःशी बोललेलो आहे, जवळजवळ त्याच शब्दांत.

तुझा प्रश्न असा की देवाने माफ केलं असेल, तर माणसाला सांगायचं कशाला?

देव दयाळू आहे, ख्रिस्ताचं रक्त पुरेसं आहे, हे तुला संडे स्कूलपासून ठाऊक आहे. ते मी इथे पुन्हा लिहीत बसत नाही. मला बोलायचंय ते तुझ्या दुसऱ्याच एका वाक्याबद्दल. तू म्हणालास, "काका, त्या शेतकऱ्याच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली."

झाली?

मुला, पाऊस होतो. गारपीट होते. ढगाळ हवा पडली की द्राक्षावर डाऊनी रोग येतो. हे सगळं होतं. तू मात्र त्या आठवड्यात प्लॉटवर गेलाच नव्हतास. काढणी इतकी जवळ आल्यावर ते औषध मारायचं नाही, हे त्याला सांगणं तुझं काम होतं, आणि तू सांगितलं नाहीस. त्याने मारलं. रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचं, सॅम्पल फेल गेलं. ऑफिसात विचारणा सुरू झाल्यावर तू शेतभेटींची नोंदवही, ते व्हिजिट बुक, उघडलंस, मागची तारीख टाकलीस आणि लिहिलंस, "शेतकऱ्यास समक्ष सूचना दिली." वर्षभर जपलेला त्याचा एक्स्पोर्टचा माल मिळेल त्या भावात लोकल मार्केटला गेला, आणि दोष त्याच्याच माथी बसला. यातलं काय ‘झालं’? पेन तुझ्या हातात होतं. तारीख तू घातलीस.

झालं नको. केलं म्हण.

जानेवारीतल्या उज्जीवन सभेत तू पुढे जाऊन गुडघे टेकलेस, रडलास. मी मागच्या बाकावरून पाहिलं होतं. ते रडणं खोटं नव्हतं. तीन आठवडे हलकं वाटलं, असंही तू म्हणालास. मग दिंडोरी रोडला तो शेतकरी तुला भेटला, टपरीवर घेऊन गेला, चहाचे पैसे त्यानेच दिले आणि वर म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलं असणार, माझ्याच ध्यानात राहिलं नाही. माझंच चुकलं." तेव्हापासून तुला झोप नाही.

नसणारच. तुझ्या तोंडी असायला हवं होतं ते वाक्य त्या माणसाने आपल्या तोंडी घेतलं. तुझी झोप देवाने हिरावलेली आहे असं मी मानतो, आणि त्याबद्दल त्याचे आभारही मानतो. तू रागावशील. रागाव.

पवित्र शास्त्रात एका माणसाची मला पूर्वी फार गंमत वाटायची, आता भीती वाटते. मोशेचा भाऊ अहरोन. मोशे डोंगरावर असताना याने लोकांच्या कानातलं सोनं गोळा केलं, हत्याराने कोरून वासरू घडवलं. निर्गमाच्या 32व्या अध्यायात चौथ्या वचनात तसं स्वच्छ लिहिलंय. त्याच अध्यायात मोशे त्याला जाब विचारतो तेव्हा 24व्या वचनात तो काय म्हणतो ते वाच. मी सोनं विस्तवात टाकलं, आणि त्यातून हे वासरू निघालं. निघालं! जसं काही भट्टीतून आपोआप चालत आलं. शौल राजा तसाच. देवाने नाश करायला सांगितलेली अमालेक्यांची मेंढरं मागे बें बें करतायत, आणि तो शमुवेल संदेष्ट्याला सांगतो, लोकांनी ती राखून ठेवली. शेवटी "मी पाप केलं" म्हणतो खरा, पण लगेच पुढे जोडतो की आता लोकांच्या वडील मंडळींसमोर माझा मान राख. आणि आपला पहिला बाप? देवाने विचारलं तेव्हा आदामाच्या तोंडून आधी स्त्री आली, मग ‘तू दिलेली’ म्हणून देवही त्यात ओढला गेला. ‘मी खाल्लं’ हे वाक्याच्या पार टोकाला, जिथे ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं तिथे.

मराठीत आपली फार सोय आहे. चूक झाली. राहून गेलं. नजरचुकीने घडलं. ‘आपल्याकडून असं व्हायला नको होतं.’ या सगळ्या वाक्यांत माणूस कुठेच नसतो, नुसतं क्रियापद असतं. रविवारी आपण सगळे उभे राहून म्हणतो की जे करायचं ते आम्ही केलं नाही आणि जे करू नये ते केलं. ती प्रार्थना मला प्रिय आहे, लहानपणापासून तोंडपाठ आहे. पण त्या ‘आम्ही’मध्ये मी वीस वर्षं लपून बसलो होतो. दीडशे माणसांच्या आवाजात माझा आवाज कुणाला ऐकू येणार?

आता माझं सांगतो. तुला अर्धवट ठाऊक असेल. मंडळीत कुजबुज असते.

1988 साली मी एका पतसंस्थेत कॅशियर होतो. वय एकतीस. स्कूटरचा नंबर लागला होता आणि पैसे कमी पडत होते. मी गल्ल्यातून 2,800 रुपये घेतले. ‘उसने’ घेतले असं मनाशी म्हणायचो, महिनाअखेरीला ठेवणार होतो. महिनाअखेरीच्या आधी तपासणी आली. बँकेत भरणा करायची थैली आमचे शिपाईमामा घेऊन जात. संशय त्यांच्यावर गेला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मोजताना काहीतरी गफलत झाली असावी." झाली असावी! माझे शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. गफलत कुणाची ते मी बोललो नाही आणि बाकीचं साहेबांनी स्वतःच जुळवलं. मामांच्या पगारातून ती रक्कम हप्त्याहप्त्याने कापली आणि मग त्यांना कामावरून काढलं.

स्कूटर आली. तिच्यावर बसून मी उपासनेला यायचो.

त्याच वर्षी नाताळच्या आधी एका प्रार्थनासभेत मी तुझ्यासारखाच रडलो. एकावन्नावं स्तोत्र पाठ केलं. त्यात दावीद म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे. हे वचन मला घरासारखं झालं. पाप देवाविरुद्ध, माफी देवाकडून, विषय दोघांतला, तो मिटला. मामा त्यात येतच नव्हते. ज्या दावीदाने ते स्तोत्र म्हटलं त्याच्याकडे आधी नाथान संदेष्टा गेला होता, "तो मनुष्य तूच आहेस" असं तोंडावर बोलला होता, आणि ज्याची बायको दावीदाने घेतली त्या शिपायाबद्दल "उरीयाला तू तलवारीने मारलंस" असंही बोलला होता, हे मी वाचूनही सोडून द्यायचो. तलवार अम्मोन्यांची होती. दावीद तर रणांगणावर नव्हताही, यरुशलेमेत घरी होता. त्याने फक्त पत्र लिहिलं होतं, उरीयाला लढाईच्या तोंडावर उभं करा म्हणून, आणि तेही उरीयाच्याच हातून पाठवलं होतं. देवाच्या हिशोबात ते ‘उरीया लढाईत पडला’ असं धरलं गेलं नाही. तू मारलंस, असं धरलं गेलं.

तुझ्या व्हिजिट बुकातली ती ओळ आणि दावीदाचं ते पत्र मला एकाच हस्ताक्षरातलं दिसतं. माझं ‘झाली असावी’ही त्याच हस्ताक्षरातलं.

आणि गणनेच्या पाचव्या अध्यायात काय आहे ते तर मी कितीतरी वर्षं उघडूनच पाहिलं नाही. माणसाचा अपराध केला की तो परमेश्वराशी केलेला विश्वासघात असतो. अपराध्याने पाप कबूल करावं, पूर्ण भरपाई द्यावी, वर पाचवा हिस्सा घालावा आणि ज्याचा अपराध केला त्याच्या हाती द्यावी. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात तर दोषार्पण आणायच्या दिवशीच ते परत करायला सांगितलंय. आपण यज्ञबळीच्या काळात नाही, हे मला कळतं. पण प्रभूने तरी काय सांगितलं? अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. तू म्हणशील की वचनात ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर’ असं आहे, आणि त्या शेतकऱ्याच्या मनात तर माझ्याविरुद्ध काहीच नाही. नाही, कारण तू त्याला कळू दिलेलं नाहीस. या पळवाटेतून मी स्वतः गेलोय. तिथे उजेड नाही.

मी जायला निघालो नव्हतो असंही नाही. दोनदा निघालो. मामा पंचवटीत पेठ रोडला चाळीत राहतात आणि मार्केट यार्डात हमाली करतात, हे मला कळलं होतं. दोन्ही वेळा गोदेवरच्या अहिल्याबाई होळकर पुलापर्यंत गेलो आणि स्कूटर वळवली. पश्चात्ताप या आपल्या शब्दात नुसता ताप आहे, मागाहून होणारा. संदेष्ट्यांचा इब्री शब्द आहे ‘शूव’, म्हणजे परत फिरणे. चालणाऱ्या माणसाने पाऊल वळवणे. ताप मला भरपूर होता. पाऊलही वळलं होतं, पण पुलावरून उलटं घराकडे.

कारणं तयार असायची. मुलं लहान आहेत. वडील आजारी आहेत. मी आता मंडळीचा पंच आहे, मंडळीचं नाव खराब होईल. मुलीचं लग्न होऊन जाऊ दे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, म्हणूनच ती इतकी टिकली.

2008च्या सप्टेंबरात गोदेला मोठा पूर आला. तू तेव्हा लहान असशील. नाशिककर पूर आला की एकच विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? मीही पाहायला गेलो होतो. मारुती बुडाला होता. तिथे गर्दीत उभं राहून मला काय वाटलं ते शब्दांत नीट सांगता येत नाही. मारुती काही पूर आणत नाही, पाणी किती चढलंय तेवढं दाखवतो. पौलाने नियमशास्त्राबद्दल हेच म्हटलंय, त्याच्यामुळे पापाची ओळख होते. माझ्या आत वीस वर्षं पाणी चढत होतं आणि मी मारुतीकडे बघायचंच सोडून दिलं होतं. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी पूल ओलांडला.

जाण्याआधी हिशोब केला. कॅशियर माणूस, दुसरं काय करणार. 2,800 रुपये, चौदा टक्क्यांनी चक्रवाढ, वीस वर्षं, त्यावर शास्त्राप्रमाणे पाचवा हिस्सा. 46,178 रुपये झाले. पाकिटात घातले. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. "कॅशियरसाहेब," म्हणाले. मी सांगितलं. काय सांगितलं ते मला आठवत नाही, त्यांनी काय केलं ते आठवतं. त्यांनी पाकीट उघडून सगळे पैसे मोजले, दोनदा. मग म्हणाले, "यात वीस वर्षांचा पगार कुठाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मग म्हणाले, "पैसे ठेवतो मी. पण लेखी दे." घरातून मुलाच्या वहीचा कागद आणला. मी लिहिलं, ‘1988 साली माझ्याकडून 2,800 रुपयांची रक्कम घेतली गेली, त्यात मामांचा काही दोष नव्हता.’ त्यांनी वाचलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. बोट ठेवून म्हणाले, "हे ‘माझ्याकडून’ खोड. ‘घेतली गेली’ खोड. ‘मी घेतले’ असं लिही. माझ्या पोराला दाखवायचंय."

त्यांच्या थोरल्या मुलाला शाळेत आणि चाळीत ‘चोराचा पोरगा’ म्हणून हाक मारत. दहावीच्या आधीच त्याने शाळा सोडली होती.

यहेज्केल संदेष्टा बाबेलात बंदिवासात होता, तिथल्या यहुद्यांच्या तोंडी एक म्हण होती की वडिलांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. आपण द्राक्षाच्या गावचे, आपल्याला ही म्हण समजवावी लागत नाही. गोडी भरायच्या आधी खुडलेला मणी दातांना काय करतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. देव म्हणतो, ही म्हण इस्राएलात पुन्हा कुणी बोलायची नाही. जो जीव पाप करील त्याचाच हिशोब त्याच्याकडे. बापाचा मुलाकडे नाही, मुलाचा बापाकडे नाही. पण मी केलं होतं काय? आंबट द्राक्षं मी खाल्ली आणि दात दुसऱ्याच माणसाच्या मुलाचे आंबवले. जो हिशोब देवाने माझ्या नावावर मांडला होता तो मी सरकवून मामांच्या घरावर टाकला. तू म्हणालास, "ऑफिसात सगळेच व्हिजिट बुक मागाहून भरतात, सिनियरनेच शिकवलं." अठरावा अध्याय वाच. सिनियरचा हिशोब सिनियर देईल. आणि त्या शेतकऱ्याला मुलं आहेत का, ते तू मला सांगितलं नाहीस.

मी कागद पुन्हा लिहिला. ‘मी घेतले.’ हे दोन शब्द लिहायला मला वीस वर्षं लागली, आणि तेही मामांनी लिहून घेतले म्हणून. मामा "माफ केलं" म्हणाले नाहीत. "आता बरोबर लिहिलंस," म्हणाले. चहा दिला नाही. मी तो मागायलाही गेलो नव्हतो.

म्हणून तुला पुन्हा पुन्हा सांगतोय. झालं नको. केलं म्हण.

तू विचारलंस, एका नोंदीला बंड कसं म्हणायचं? पाळकसाहेबांनी त्या रविवारी बंडावर उपदेश केला तो तुला अतिशयोक्तीचा वाटला. तुझ्या डोळ्यांपुढे बंड म्हणजे मशाली आणि आरडाओरडा असणार. स्तोत्रांत ज्या शब्दाला आपण अपराध म्हणतो तो इब्रीत ‘पेशा’ आहे, आणि त्याच धातूचं क्रियापद राज्यांच्या बंडाळीला वापरलंय. इस्राएलाचा राजा अहाब मेल्यावर मवाब देशाने इस्राएलाविरुद्ध बंड केलं, असं दुसऱ्या राजांच्या पहिल्याच वचनात आहे. त्या मवाबाचा राजा मेशा आधी लाख कोकरांचा आणि लाख एडक्यांच्या लोकरीचा भरणा करत असे. बंड केलं म्हणजे काय, तर भरणा थांबवला. मला, पैशांच्या खिडकीमागे आयुष्य घालवलेल्या माणसाला, याहून चांगलं कुणी समजावलं नाही. बंड म्हणजे हिशोब द्यायचं बंद करणं. ते शांतपणे, शर्ट इस्त्रीचा घालून, दर रविवारी उपासनेला येऊनही करता येतं. मी केलं.

आणि बंडखोराने करायचं काय असतं? शरण यायचं. आपल्या शरणपूरचं नाव आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. अनाथ, घरातून काढलेले, इतकंच नाही तर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेची मुलंही इथे राहिली, शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला खांदा द्यायला उभा होता. त्या मुलांना इथे आसरा मिळाला, म्हणून शरण. पण शरण शब्दाला दुसरीही बाजू आहे, हत्यार खाली ठेवून समोर उभं राहण्याची. आपल्या पिढीने, माझ्या पिढीने, आसरा तेवढा घेतला. शरण जायचं राहिलं. बघ, ‘राहिलं’ लिहिलं मी. आम्ही गेलो नाही.

आता जे लिहितोय ते तुझ्या कामाचं आहे की माझंच मन मोकळं करायला आहे, मला नक्की सांगता येत नाही. मामांकडून आल्यावर मी पंचांच्या सभेत उभं राहून सगळं सांगितलं. एक ज्येष्ठ म्हणाले, देवाने झाकलेलं तुम्ही का उघडता? मी पंचपद सोडलं. माझा मुलगा म्हणाला, "पप्पा, तुमच्या समाधानासाठी आमची अब्रू गेली." बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्यात माझं समाधान होतं का? असेल. मला झोप लागायला लागली, हे खरं आहे. पण मी मामांसाठीच गेलो होतो असं मी आजही म्हणतो, आणि कुणी काही म्हणो, गेलो ते बरोबरच केलं. लोक म्हणतात काका कठोर झाले. पापकबुलीच्या वेळी काकांसमोर बसायला पोरं घाबरतात. घाबरू देत. मला 1988 साली एखादा कठोर माणूस भेटला असता तर मामांचा मुलगा दहावीला बसला असता.

एका ठिकाणी मात्र माझं तत्त्व अडखळतं, आणि तुझ्यापासून ते लपवणं बरोबर नाही. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदानेही ‘मी’ म्हटलं होतं. मत्तयाच्या 27व्या अध्यायात तो मुख्य याजकांकडे जातो आणि म्हणतो, निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं. तीस नाणी परत फेकतो. झालं नाही म्हणत, केलं म्हणतो. पैसेही परत. माझ्या यादीतलं सगळं त्याने केलं, आणि तरी त्याचा शेवट तो झाला. पेत्राने त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारलं, कोंबडा आरवला, तो नुसता रडला, आणि वाचला. यावर मी फार रात्री घालवल्यात. मला एवढंच दिसतं की यहूदा चुकीच्या दारी गेला. याजक म्हणाले, "आम्हाला काय त्याचं? तुझं तू बघ." आणि तो एकटाच तिथून निघाला. पेत्र शिष्यांमध्ये राहिला, आणि सरोवराकाठी प्रभूने पुन्हा हाक मारेपर्यंत तिथेच होता. एकटा माणूस ‘मी केलं’ हे फार वेळ वाहू शकत नाही. त्याला मागे देवाची दया लागते आणि शेजारी कुणीतरी लागतं. माझ्या वीस वर्षांत ‘केलं’ मी एकट्याने अनेकदा उच्चारलंय, अंथरुणात, अंधारात. त्याने माणूस मोडतो, फिरत नाही.

म्हणून मी तुला एकट्याला पाठवणार नाही.

उधळ्या मुलाचा दाखला तुला पाठ आहे. डुकरांपाशी बसून त्याने वाक्य तयार केलं होतं की बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं आहे, आता मला मोलकऱ्यासारखं ठेवा. बाप धावत आला, गळ्यात पडला. मुलाने बोलायला सुरुवात केली. लूकाच्या पंधराव्या अध्यायात नीट बघ, ‘मोलकऱ्यासारखं ठेवा’ हे बापाने त्याला बोलूच दिलं नाही, मध्येच झगा मागवला. पण ‘मी पाप केलं आहे’ तेवढं ऐकून घेतलं. तुझं वाक्य तयार कर. एकच. लांबवू नकोस, कंपनीचं नाव, सिनियर, कामाचा ताण, काही घालू नकोस. ‘मी तुम्हाला सांगितलं नाही आणि सांगितलं असं खोटं लिहिलं.’ बस. पुढे तो काय बोलेल ते त्याचं. शिव्या देईल, देऊ दे. गावात बोलेल, बोलू दे. सॅम्पल फेल गेल्याने त्याला भावात किती मार बसला ते त्याच्याकडून विचारून घे आणि लिहून घे. एकदम देता येणार नाही, तर हप्ते ठरव. जक्कय जकातदाराने यरीहोत चौपट देईन म्हटलं होतं. तुझ्याकडे तेवढे नसतील हे मला कळतं, माझ्याकडेही नव्हते. ऑफिसात ती नोंद तू सोमवारीच दुरुस्त कर, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. हे मी सहज लिहीत नाहीये. मला तुझ्या घरचं माहीत आहे, बहिणीची फी तू भरतोस तेही माहीत आहे. तरीही लिहितोय.

तुला वाटेल काकांना काय, रिटायर माणूस. वाटू दे.

शनिवारी सकाळी सातला मी सीबीएस बसस्थानकाच्या समोर, चहावाल्यापाशी उभा असेन. तुझी मोटरसायकल घेऊन ये, मी मागे बसतो. दिंडोरीपर्यंत मला कंबर साथ देईल. मळ्यात तू जा, मी बांधावर थांबेन, आणि तू बोलावलंस तरच पुढे येईन. येताना तुझं वाक्य कागदावर लिहून आण. गाडी सुरू करण्याआधी मी ते एकदा वाचेन आणि त्यात ‘झालं’ दिसलं तर पेन माझ्या खिशात असेल.

मामांकडच्या त्या कागदाची मी त्याच दिवशी नक्कल करून ठेवली होती, पहिल्या मजकुरासकट, खोडलेल्या शब्दांसकट. ती माझ्या पवित्र शास्त्रात एकावन्नाव्या स्तोत्रापाशी आहे. शनिवारी सोबत आणतो.

तुझा,
काका